नवरा हसला तर हसू दे, हात अंगठ्याकडून सोडव

आधी पत्र, थोडं छाटून:

"ताई, मी ४१ वर्षांची. हर्णे बंदराच्या बाजूला एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करते. संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटपला की बायकांच्या हातात रोख येते म्हणून माझी फेरी तेव्हाच असते, मग दुकानं, मग वरच्या वाडीतली चार घरं आणि पाखाडीने (चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेने) खाली उतरून स्कूटी. गेल्या महिन्यात दिवेलागणीला पाखाडीत एका पोराने पर्स ओढली. मी सोडली नाही तर त्याने मनगट धरलं. मी नुसती उभी ताई, आवाजच फुटेना. वरून कुणीतरी बॅटरी मारली म्हणून तो पळाला. मुलगा कराटेला जातो, ऑरेंज बेल्ट आहे, त्याने यूट्यूबवरचे हात सोडवायचे प्रकार दाखवले. नवऱ्याला म्हटलं धर, त्याने धरला, मला काही सुटेना आणि तो हसायला लागला. या वयात क्लास लावू का? नक्की काय शिकू? स्प्रे ठेवू का? आणि मी मारलं नि त्याला जोरात लागलं तर पोलीस मलाच धरतील का? – पिग्मीवाली"

बाय माझे, तुझं पत्र दोनदा वाचलं. "मी नुसती उभी" हे तू असं लिहिलंयस जसं काही तुझ्याकडून गुन्हा झालाय. मी कॉलेजपासून लग्न होईपर्यंत सहा वर्षं ज्यूदो केलं, ब्राऊन बेल्ट होते, आणि भरलेल्या एसटीत एकाने कमरेला हात लावला तेव्हा मी पण दगडासारखी उभी राहिले. डाव सगळे आठवले ते घरी येऊन हातपाय धुताना. अंग असंच करतं, घाबरलं की आधी थिजतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण यातून एक कळतं की तेव्हा डोकं चालत नसतं, हाताला सवय असेल तेवढंच होतं. म्हणून मी तुला वीस प्रकार सांगणार नाहीये, दोन-तीनच सांगते, ते अंगात मुरवायचे.

आता नवऱ्याचा विषय, कारण तिथे गंमत आहे. तू हात सरळ मागे ओढलास ना? बघ, सगळे तेच करतात. पुरुषाच्या जोराशी जोर लावला की तो जिंकणार, त्यात नवल काय. मनगट पकडलेल्या मुठीकडे नीट बघ एकदा, जेवण झाल्यावर बस नि त्याला म्हण निवांत धर. चार बोटं एका बाजूने आलेली असतात आणि दुसऱ्या बाजूने एकटा अंगठा. चार बोटांकडची बाजू म्हणजे भिंत, आणि अंगठ्याचं टोक जिथे बोटांना टेकतं तिथे फट. कालवं फोडताना आपण कुठेही घाव घालत नाही, तोंड कुठे आहे ते बघून तिथेच टोक घालतो, तसंच हे. तुझ्या मनगटाची जी पातळ कड आहे, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची, ती त्या फटीसमोर येईपर्यंत हात फिरवायचा. रुंद बाजूने निघत नाही, पातळ बाजूने निघतं.

आणि दुसरी गोष्ट, जी व्हिडिओत दिसते पण कळत नाही. हात ओढायचा नाही, कोपर पुढे न्यायचं. म्हणजे मागे जायच्या ऐवजी अर्धं पाऊल त्याच्याकडे टाकायचं, कोपर वाकवून त्याच्या कोपराच्या दिशेने ढकलायचं आणि मूठ आपल्या खांद्याकडे झटक्यात आणायची. कोपर जवळ आलं की तुझ्या अख्ख्या अंगाचं वजन त्याच्या एकट्या अंगठ्यावर पडतं. अंगठा कितीही दणकट असू दे, तो एकटाच आहे. दोन्ही हातांनी तुझा एक हात धरला तर तुझा मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घाल, स्वतःचीच मूठ पकड आणि पायरी चढल्यासारखं पुढे होऊन मूठ वर खांद्याकडे खेच. आधी हळू करा, दहा-बारा वेळा, फट कुठे ते हाताला कळेपर्यंत. मग जोरात.

पण खरं सांगू का, एवढं बरोबर करूनही तुला माहीत असलेला माणूस, तू काय करणार हे आधीच ठाऊक असलेला, पाय रोवून उभा राहिला तर पहिल्या झटक्यात सुटेलच असं नाही. पाखाडीतल्या पोराला ते माहीत नसतं, त्याचं अर्धं लक्ष पर्सवर नि अर्धं मागे कोण येतंय तिकडे. आणि सोडवण्याच्या आधी त्याचं लक्ष उडवायचं असतं, हे मुलाच्या व्हिडिओत बहुतेक कापलेलं असेल. पायावर टाच हाण, नडगीला चपलेची कड लाव, तोंडासमोर पंजा फेक, काहीही, त्या क्षणाला पकड ढिली पडते, तेव्हा हात फिरवायचा. नवऱ्यावर हे जपून कर, त्याला दुसऱ्या दिवशी कामाला जायचंय.

ओरडणं पण यातच आलं. "आवाज फुटेना" म्हणालीस ना, तो फुटत नाही कारण आपण श्वास धरून ठेवलेला असतो. कराटेवाली पोरं प्रत्येक ठोशाला जे ओरडतात ते काही नुसतं दाखवायला नसतं, ओरडताना श्वास बाहेर पडतो, पोट आवळतं आणि अंग हलायला लागतं. तर हात सोडवायची प्रॅक्टिस करताना प्रत्येक वेळी "सोड!" म्हणून ओरडायचंच, शेजारीण विचारेल काय चाललंय, विचारू दे. आणि खऱ्या वेळेला नुसतं वाचवा वाचवा नको, वाडीत लोकांना वाटतं पोरं मस्ती करतायत, त्यापेक्षा जवळच्या घरातल्या माणसाला नावाने हाक मार. नावाने हाक आली की माणूस पडवीत येतोच, आपल्याकडे तरी.

आता थोडी जुनी गोष्ट, कारण तुझ्या क्लासच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जपानमध्ये जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने १८८२ मध्ये ज्यूदो सुरू केलं. त्याच्या आधी जुजुत्सू होतंच, त्यात डोळे फोडण्यापासून हाडं मोडण्यापर्यंत सगळं. कानोने काय केलं, जे समोरच्यावर पूर्ण जोराने करता येणार नाही असे धोक्याचे प्रकार ठरवून दिलेल्या कवायतीपुरते ठेवले, आणि फेकणं, धरणं, दाबून ठेवणं हे रोजच्या झोंबीत घेतलं, जिथे समोरचा खरोखर विरोध करतो. त्याला रांदोरी म्हणतात. म्हणजे ऐकायला कमी भयंकर, पण रोज जिवंत माणसावर जोर लावून केलेलं. माझ्या मते अख्ख्या मार्शल आर्टमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ती. डोळ्यात बोट घालायचा डाव तू आयुष्यात एकदाही खरा करून बघू शकत नाहीस, हात सोडवणं मात्र आजपासून रोज करता येतं, आणि भीतीच्या वेळी रोजचंच हाताशी येतं.

त्यामुळे क्लास लाव की, ४१ म्हणजे काही वय झालं का, पण बेल्ट कुठला, सर्टिफिकेट कुणाचं हे विचारत बसू नकोस. एक दिवस बाहेर बसून नुसतं बघ. पोरं हवेत ठोसे मारून घरी जातात का समोरासमोर धरून, जोर लावून, सुटायला लावतात? कराटे असो, ज्यूदो असो, तायक्वांदो असो, दुसरं दिसलं तर पैसे भर. पहिलंच दिसलं तर मुलासाठी चांगलं आहे, शिस्त येते, काता (ठरलेल्या हालचालींची कवायत) सुंदर असतात, पण तुझ्या कामाचं त्यातलं थोडंच. आणि क्लास नाही जमला तरी घरात दोन माणसं आहेत, रोज दहा मिनिटं, बास झालं.

मारायचं झालं तर मूठ वापरू नकोस. सवय नसलेल्या माणसाने कवटीवर मूठ मारली की अनेकदा करंगळीखालचं हाताचं हाड जातं, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते गेलं की तू स्कूटी पण चालवू शकत नाहीस. तळहाताचा खालचा भाग, मनगटाजवळचा, भाकरी थापताना ज्याचा दाब बसतो तो, बोटं मागे वळवून, खालून वर नाकाकडे किंवा हनुवटीकडे. घरातला जुना लोड मुलाला भिंतीला टेकवून धरायला सांग आणि दोन्ही हातांनी वीस-वीस वेळा. पहिल्या दिवशी तुला हसू येईल, चौथ्या दिवशी लोड मागे सरकायला लागेल. खूप जवळ आला, अंगाला भिडला तर गुडघा. मागून कवटाळलं तर आधी खाली बसल्यासारखं वजन सोडायचं, उचलायला जड हो, मग टाच पायावर, कोपर मागे. केस धरले तर त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि त्याच्या दिशेने आत जायचं, लांब नाही. ही सगळी एकेकदा करून बघ, पण मुरवायचं ते मनगट आणि तळहात.

लाथा नकोत. हे मी अनुभवाने बोलतेय. काही वर्षांपूर्वी आमच्याच वाडीतल्या पोरींना शिकवायचा उत्साह आला होता, श्रावणात, पाऊस नुकताच थांबलेला, पाखाडीच्या चिऱ्यांवर हिरवं शेवाळ, आणि मी बावळटासारखी चपला घालून कमरेएवढी लाथ दाखवायला गेले. दुसऱ्या क्षणाला मी आडवी. माकडहाडाला असं लागलं की दोन महिने एसटीत उशी घेऊन बसत होते, पोरी अजून त्या जागेला काकूची पायरी म्हणतात. एका पायावर उभं राहणं म्हणजे अर्धी पडलेलीच असतेस, त्यात आपला जांभा, आपला पाऊस, आपल्या रबरी चपला. फार तर नडगी, गुडघ्याच्या वर पाय न्यायचाच नाही.

पण त्या पडण्यात एक झालं, डोकं आपटलं नाही. ज्यूदोत पहिला महिनाभर नुसतं पडायलाच शिकवतात, आम्ही वैतागायचो, आणि मजा बघ, सहा वर्षांत शिकलेल्यातलं आयुष्यात खरं कामी आलेलं तेवढंच. तू पण शिक. गादी खाली टाक, उकिडवी बस, हनुवटी छातीला चिकटव, पाठ गोल कर आणि मागे लवंडताना दोन्ही हात कोपरापासून पंज्यापर्यंत गादीवर फाटकन आपट, अंगापासून थोडे लांब. मागे हात टेकवून स्वतःला सावरायला जायचं नाही, मनगट मोडतं. हनुवटी छातीला, बास, एवढं जरी लक्षात राहिलं तरी खूप. बावीवर (विहिरीवर) घसरलीस तरी उपयोगी पडेल.

आता पर्स. यावरून तू माझ्यावर चिडशील बहुतेक. पर्स सोड. मला माहितीये की ते पैसे तुझे नाहीत, लोकांचे आहेत, कुठल्यातरी कोळणीने पहाटेपासून राबून दिलेले शंभर-दोनशे, आणि गेले तर संस्था तुझ्या मागे लागेल ही भीती तुझ्या हातात घट्ट बसलेली होती म्हणून तू सोडली नाहीस. पण ओढणाऱ्याला पर्स पाहिजे तोवर ते पैशाचं प्रकरण असतं, तू धरून ठेवलीस की तो तुझं मनगट धरतो आणि मग ते अंगावरचं प्रकरण होतं. पैशासाठी झोंबायचं नाही, अंगाला हात लावला तर मात्र वाट्टेल ते करायचं. फेकायची ती पण लांब, एका बाजूला, आणि आपण दुसऱ्या बाजूला. आडवी अडकवलेली पर्स तर बिलकूल नको, बाईकवाल्याने ओढली तर तू सोबत फरफटतेस.

आणि पैशाचं काम आधीच करून टाक ना. लिलावानंतरची रक्कम मोठी असते, ती घेऊन वरच्या वाडीत जायचंच कशाला, आधी संस्थेत किंवा ठरलेल्या दुकानात जमा कर, मग वर जा. चार घरांना सांग की दुपारीच येते, नाहीतर फोनवर पाठवा. आणि संस्थेला लेखी विचार की रोख वाहून नेण्याचा विमा तुम्ही काढलाय का आणि त्यात एजंट येतो का, असा विमा मिळतो, तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात. कुणी कोयता काढला तर कुठलाच डाव नाही हं, मुलाने दाखवला तरी. आपल्याकडे कमरेला कोयता लावून अर्धं गाव फिरतं, त्याला घाबरायचं नाही, पण हातात घेऊन समोर आला तर सगळं देऊन टाकायचं आणि पळायचं.

पळायचं म्हणजे कुठे, हे तुला माहितीये का? खरं शिकायचं ते हेच आणि ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मनगट सुटलं की तुझ्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात "कुठे जाऊ" विचार करत उभी राहिलीस तर परत धरेल. उद्या उजेडात ती पाखाडी चढून बघ. कुठल्या घरात संध्याकाळी माणसं असतात, कुठलं घर फक्त गणपतीत उघडतं (त्या घराच्या अंगणात पळून उपयोग नाही, चाकरमानी मुंबईत), बेडं (अंगणाचं फाटक) कुठे उघडं असतं, कुत्रा कुठला ओळखीचा, गडगा (दगडी कुंपण) कुठे पडलाय. प्रत्येक टप्प्याला एक घर ठरव, इथून वर, तिथून खाली. त्या घरातल्या बायकांना सांगून ठेव. ११२ नंबर चांगला आहे, लक्षात ठेव, पण आपल्या घळीत रेंजचं तुला माहितीच आहे, आधी घर, मग फोन.

स्प्रे ठेव, बेकायदा काही नाही त्यात. फक्त आपलं वारं आठव, संध्याकाळी समुद्राकडून येतं आणि तू पाखाडी उतरताना तोंड समुद्राकडे, म्हणजे मारलेला अर्धा तुझ्याच डोळ्यात. एकदा मोकळ्यावर थोडा उडवून बघ किती लांब जातो ते, डब्यावरची तारीख बघ, आणि पर्सच्या तळाशी चिल्लर नि पावत्यांखाली ठेवणार असशील तर घेऊच नकोस. त्यापेक्षा मला विचारशील तर पावसाळ्यात लांब दांड्याची छत्री. फोल्डिंगची नाही, आजोबांची असायची ती. दोन्ही हातांनी धरायची, एक मुठीजवळ एक मध्यावर, आणि टोक छातीत किंवा पोटात भोसकल्यासारखं ढकलायचं. डोक्यावरून फिरवून मारू नकोस, तो पकडतो. लाठीवाल्यांना विचार, जवळच्या माणसाला काठी फिरवून नाही, खुपसूनच लांब ठेवतात. उन्हाळ्यात चांगली बॅटरी, डोळ्यात मारली की क्षणभर दिसत नाही.

पोलिसांचं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम ३४ ते ४४ हे सगळं स्वतःच्या बचावाच्या हक्कावर आहे. स्वतःचं अंग, दुसऱ्याचं अंग, चोरी-जबरी चोरीपासून मालमत्ता, सगळ्याचा बचाव करता येतो आणि तो गुन्हा धरत नाहीत. अट ३७ मध्ये आहे, बचावाला लागेल त्याच्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे त्याने मनगट धरलंय आणि तू नाकावर पंजा मारलास, नाक फुटलं, तर तुझी बाजू भक्कम आहे. तो पडला, पळायला लागला आणि तू मागून जाऊन चिरा घातलास तर तो बचाव राहत नाही. तू तशी करणार नाहीस, पण वाडीतले लोक जमले की करतात, तेव्हा त्यांना आवर. आणि गेल्या महिन्याची तक्रार तू दिलेली दिसत नाहीस, पत्रात कुठेच नाही. जा, दे. पर्स गेली नाही म्हणून काय झालं, मनगट धरलं ना. उद्या तोच दुसरीला धरेल, आणि उद्या तुझ्या हातून त्याचं नाक फुटलं तर आधीची तक्रार कागदावर असलेली बरी.

प्रॅक्टिसचं शेवटचं. पहिला आठवडा घरात, उजेडात, सांगून. मग नवऱ्याला म्हण न सांगता धर, मी कपडे वाळत घालत असताना, हातात बालदी असताना, डावा हात, उजवा हात. मग एकदा अंगणात अंधारात, पर्स खांद्याला, बाहेरच्या चपला घालून, कारण त्या दिवशी तू तशीच असणार आहेस. सुटलीस की थांबायचं नाही, बेड्यापर्यंत पळत जायचं, प्रत्येक वेळी, म्हणजे सुटणं आणि पळणं हाताला-पायाला एकच वाटायला लागेल. मुलाला उलटं काम दे, त्याने आईला शिकवायचं नाही, फक्त मोजायचं, कितीव्या सेकंदाला सुटली ते वहीत लिहायचं. नवरा हसला तर हसू दे, पंधरा दिवसांनी त्याचा अंगठा दुखायला लागला की आपोआप थांबेल. आणि त्याला धरायच्या आधी अंगठी नि घड्याळ काढून ठेवायला सांग, हात फिरवताना सोलतं.